अक्षरं कुठून येतात

छापखान्याचा जिना इतका अरुंद होता, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावीच लागे. बारकीने आजवर कधी माघार घेतली नव्हती. तिच्या हातात जुळवलेल्या पानाचं लोखंडी तबक असायचं, शिशाच्या खिळ्यांनी गच्च भरलेलं. एका अक्षराचा एक खिळा. तो खणातून उचलायचा, ओळीत लावायचा, ओळींचं पान करायचं आणि ते पान जिना उतरून यंत्रावर न्यायचं, हे तिचं काम. ती निघाली की बाइंडिंगवाल्या मावशीसुद्धा पोट आत घेऊन भिंतीला चिकटत.

त्या दिवशी मात्र खालून एक भलंमोठं खोकं वर येत होतं. खोक्याला दोन पाय होते, दोन हात होते, पण चेहरा नव्हता.

"बाजूला व्हा," बारकी म्हणाली.

"मला काही दिसत नाहीये हो..." खोकं म्हणालं. "तुम्हीच व्हा ना."

कुणीच झालं नाही. मग व्हायचं तेच झालं. तबक कललं, आणि सकाळपासून जुळवलेलं पान जिन्यावरून टपटपत थेट दारापर्यंत गेलं. खोकं मात्र सुखरूप राहिलं. ते हळूच खाली ठेवून त्यामागून एक सडपातळ तरुण बाहेर आला, पायरीवर बसला आणि एकेक खिळा वेचून रुमालात ठेवायला लागला. बारकी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तोंडात चार खरमरीत शब्द तयार होते, पण त्याने वर बघून इतक्या मनापासून विचारलं, "यांचा क्रम काय होता?" की ते चारही शब्द विरघळले.

"सकाळी आठपासूनचा होता," ती म्हणाली. "बसा आता वेचत."

तो खरंच बसला. दुपारपर्यंत बसला. वेचलेले खिळे त्याने आपल्या समजुतीने खणांत टाकलेसुद्धा, आणि पुढचे आठ दिवस बारकीला 'घ'च्या खणात 'ध' सापडत राहिला. आश्चर्य म्हणजे दर वेळी चिडायच्या ऐवजी तिला हसू यायचं.

खोक्यात संगणक होता, आणि खोकंवाला तो शिकवायला आलेला मास्तर. वय पंचविशीचं, मिशी नुकती कुठे स्थिरावलेली, त्यामुळे मास्तर म्हणताना सगळ्यांनाच मजा वाटायची. गेल्या वर्षभरात तो अकरा गावं फिरला होता. एका गावात महिनाभर राहायचं, दवाखान्यातल्या, दुकानांतल्या, कचेऱ्यांतल्या लोकांना संगणकाची तोंडओळख करून द्यायची, बॅग भरायची आणि पुढच्या गावाला निघायचं. बारकीला ते ऐकून केवढं अप्रूप वाटलं. ती स्वतः घर ते छापखाना याच्यापलीकडे क्वचितच गेली होती. छापखाना तिच्या मामांचा, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाचा. तिथे आधी तिचे बाबा खिळे जुळवायचे. शाळा सुटली की ती त्यांच्याशेजारी स्टुलावर उभी राहून बघायची, तेव्हापासून ती बारकी. बाबांची नजर अधू झाली आणि स्टूल बाजूला सारून ती त्यांच्या जागी उभी राहिली. आता घर तिच्याच दहा बोटांवर चाललं होतं.

मामांनी तिला बोलावून स्वच्छ सांगितलं. महिनाअखेरीला खिळ्यांच्या पेट्या वितळवायला जाणार. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मुलांसाठी आकाशावर पुस्तक लिहिलंय, बत्तीस पानांचं. ते बारकीने या यंत्रावर करून दाखवावं. तीस तारखेला संध्याकाळी पाचला बाई पानं बघायला येतील. तयार असली तर यंत्रासमोरची खुर्ची बारकीची. नसली तर शिकलेला माणूस ठेवावा लागेल.

"भाची आहेस म्हणून जीव तुटतो," मामा म्हणाले, "पण जीव तुटून पुस्तक छापून होत नाही गं."

बारकीने खणांच्या रांगेकडे बघितलं. तिला दुसरं काहीही येत नव्हतं.

पहिल्या दिवशी ती यंत्रासमोर अंग चोरून बसली. बाहेर झिमझिम पाऊस होता, खिडकीच्या काचेवर पाणी ओघळत होतं, आणि शेजारच्या खुर्चीवर मास्तर असल्याने तिला आपल्या बोटांवरचा शिशाचा काळा रंग उगाचच जाणवत होता. त्याने तिला एक कळ दाबायला सांगितली. कोणतीही. तिने जीव मुठीत धरून दाबली. पडद्यावर 'क' उमटला.

सरळ 'क'. उलटा नव्हे. बारकीने आयुष्यभर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी बघितली होती, कारण खिळा उलटा असतो आणि कागदावर सरळ होतो. काम करता करता अक्षर असं समोरून, सरळ नजरेला नजर देऊन आपल्याकडे बघतंय, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिने पुन्हा दाबलं. दुसरा 'क'. मग तिसरा. मग तिचं बोट थांबेचना. ओळ भरली, दुसरी भरली.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"काय किती?"

"'क' किती आहेत यात? आमच्याकडे एकशे साठ आहेत. संपले की मी वाक्य बदलून घेते लेखकाकडून."

मास्तर हसला नाही. "संपत नाहीत," तो हळूच म्हणाला.

बारकीने आणखी एक 'क' दाबला. मग तिने विचारलं, "मग येतात कुठून?"

मास्तरने उत्तर दिलं. वीज असते, नसते, त्या असण्या-नसण्याच्या खुणा एकापुढे एक मांडल्या की त्यातून अक्षर ठरतं, अक्षराचंच काय, चित्राचं आणि गाण्याचंही तसंच ठरतं, असं त्याने नेहमीसारखं भराभर सांगितलं. सांगता सांगता मध्येच तो अडखळला. बारकीचे डोळे विस्फारले होते, ओठ किंचित उघडे होते. तिच्याकडे बघताना पुढचं वाक्य काय होतं ते त्याला आठवेचना.

"म्हणजे नुसतं आहे आणि नाही," ती म्हणाली. "एवढ्यावर सगळं?"

"एवढ्यावर... सगळं."

त्यानंतर रोज एक नवल. एके दिवशी त्याने परिच्छेदाच्या मधोमध एक शब्द घालायला लावला. बारकीने घातला, आणि पुढचे सगळे शब्द आपापले सरकले, ओळीमागून ओळ, अगदी शेवटपर्यंत, शिस्तीत, न बोलता. खिळ्यांमध्ये असा एक शब्द राहून गेला की अख्खा परिच्छेद हाताने पुढे ढकलावा लागायचा. त्यात तिच्या किती संध्याकाळी गेल्या होत्या, बाबांचे तर डोळेच गेले होते. तिने मान फिरवली. मास्तरने तिच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं आणि खिडकीबाहेर पावसाकडे बघत बसला. त्याचं ते न बघणं तिला फार आवडलं.

मग त्याने घरचा अभ्यास दिला. संगणक म्हणजे फक्त ही पेटी नव्हे, येता-जाता कुठे कुठे लपलाय ते शोधून आणायचं. आपली स्वतःची यादी सात ठिकाणांची आहे, असंही तो जरा ऐटीत म्हणाला. मावशींनाही अभ्यास होता, पण त्यांनी कानावर हात ठेवले. त्यांना या वयात लपाछपी जमणार नव्हती.

बारकी दुसऱ्या दिवशी अकरा घेऊन आली. रस्त्यावरचा सिग्नल. भाजीवाल्याचा नवा तराजू. दवाखान्याची लिफ्ट. बाबांचा रक्तदाब मोजायचं यंत्र. बसचं तिकीट देणारी पेटी. बँकेतली आणि टपालातली आणखी चार यंत्रं. शेजारणीचं कपडे धुण्याचं मशीन, त्यासमोर तर ती अर्धा तास उभी राहिली होती आणि शेजारणीला वाटलं हिला बरं नाही. रस्ते तेच होते, पण आता प्रत्येक गोष्टीच्या आत कुणीतरी जागं बसून मनातल्या मनात आहे-नाही, आहे-नाही म्हणतंय असं तिला वाटायला लागलं होतं. जग एकदम दुप्पट झालं होतं.

"हे दहा झाले," मास्तर बोटं मोजत म्हणाला. "अकरावा?"

बारकीने त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "इतके दिवस माझ्या शेजारीच होता."

मास्तरने घड्याळ बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा घड्याळ बघितलं. "माझ्या यादीत... नव्हता हा," तो म्हणाला.

"कसा असेल? तुम्ही सारखे पडद्याकडेच बघता."

"सारखं नाही बघत," तो अगदी हळू म्हणाला, आणि बारकीला एकाएकी कळफलकावरचा 'म' सापडेनासा झाला.

मावशी पलीकडे पानं दुमडत होत्या. त्यांचे कान टवकारलेलेच असायचे. त्या दिवसापासून त्यांनी एक खोकला सुरू केला, जो ही दोघं दोन मिनिटं गप्प बसली की नेमका यायचा.

बारकीचे दिवस उडायला लागले. बत्तीस पानं एकेक करून उभी राहिली. अठ्ठावीस तारखेला पहिली छपाई निघाली. बाईंनी ती वाचून त्याच दिवशी लाल शाईने दुरुस्त्या करून परत पाठवली. दुरुस्त्या थोड्याच होत्या. एकोणतीसला मास्तरला दुसरीकडे शिकवणी होती. जाता जाता तो सांगून गेला, यंत्राची जागा अमर्याद नसते, काम झालं की पसारा आवरत जा, आणि काहीही केलं तरी शेवटी साठवायचं बटण दाबायचं विसरू नका. दुरुस्त्या तीस तारखेला सकाळी आपण दोघं मिळून करू.

बारकीने ते सगळं तंतोतंत पाळलं.

बाबांची तिला एकच शिकवण होती. पान छापून झालं की खिळे सोडवायचे आणि प्रत्येक अक्षर आपापल्या खणात परत पाठवायचं. जुनं काम तसंच पडू देणारा जुळारी उद्याच्या कामाला उपाशी ठेवतो. आता पान तर छापून झालं होतं. बाईंची लाल शाईची प्रत समोर होती. तेव्हा एकोणतीस तारखेला दुपारी बारकी यंत्रासमोर बसली आणि बत्तिसाव्या पानाच्या शेवटच्या पूर्णविरामापासून एकेक अक्षर पुसायला लागली. एकदम नाही, एकेक करून, कारण अक्षरं ओंजळीने खणात टाकायची नसतात. तिला ते फार सुंदर वाटलं. अक्षरं आवाज न करता जात होती, बोटांना काळं लागत नव्हतं. तीन तास लागले. शेवटचं अक्षर पुस्तकाच्या नावातला 'आ' होता. तोही गेला. मग तिने आठवणीने साठवायचं बटण दाबलं, शिकवल्याप्रमाणे यंत्र बंद केलं, आणि आवरल्याच्या समाधानात घरी गेली.

तीस तारखेला सकाळी नऊला मास्तरने फाइल उघडली. पांढरं पान. खाली गेला, पांढरंच.

"पुस्तक कुठंय?"

"सोडवून ठेवलं ना," बारकी म्हणाली. "अक्षरं परत पाठवली. तुम्हीच म्हणालात, पसारा आवरा."

मास्तर तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला हळूहळू उमगलं की आपण काय करून बसलो. दुरुस्त्या करायला काही उरलंच नव्हतं. खणात अक्षरं परत येतात, पण यातली अक्षरं मुळी संपतच नव्हती, त्यांना परत जायची गरजच नव्हती. तीन तास खपून तिने स्वतःची खुर्ची पुसून टाकली होती, आणि वर ते रिकामेपण साठवूनही ठेवलं होतं.

"दुसरी प्रत?" तिने कसंबसं विचारलं. प्रत करून ठेवायची असते हे त्यानेच शिकवलं होतं.

"मी केली नाही." मास्तरचा चेहरा उतरला. "अकरा गावांत सगळ्यांना सांगत फिरतो, आणि स्वतः... दिव्याखाली अंधार."

बारकीने दाराकडे बघितलं. मामा बाहेर गेले होते, साडेचारशिवाय येणार नव्हते. मास्तर काही वेळ खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. बराच वेळ, असं तिला वाटलं. मग तो परत आला, लाल शाईची प्रत उचलली, खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवली आणि पहिलं पान हातात धरलं.

"मी वाचतो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त ऐका आणि बोटं चालवा. पडद्याकडे बघू नका, घड्याळाकडे तर मुळीच नाही."

"तीन आठवडे लागले होते याला."

"तेव्हा तुम्ही शिकत होतात."

त्याने वाचायला सुरुवात केली. आकाश आपल्या डोक्यावर आहे असं आपण म्हणतो, पण खरं तर आपण आकाशातच आहोत. बारकीची बोटं आधी चालली, मग पळायला लागली. कोणती कळ कुठे आहे हे तिला आठवावं लागतच नव्हतं. पेटीतले चारशे खण ज्या बोटांना पाठ होते त्यांना या मूठभर कळा म्हणजे अंगणच. दहा पानं झाली. मावशींनी न सांगता दाराला कडी घातली आणि येईल त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. त्यांचा खोकला त्या दिवशी पूर्ण बरा झाला होता.

सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, मास्तर वाचत होता. काही ताऱ्यांचा यायला हजारो वर्षं. आज जो प्रकाश दिसतो तो निघाला तेव्हा आपण कुणीच नव्हतो. त्याचा आवाज बसत चालला होता. बारकी हे सगळं आधी एकदा जुळवून गेली होती, तरी आत्ता पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे तिच्या अंगावर शहारे येत होते. केवढ्या लांबून काय काय येतं... आणि नेमकं आपल्यापर्यंत पोचतं.

"चंद्राची आपल्याला नेहमी एकच बाजू दिसते," मास्तरने वाचलं आणि तो थांबला.

"पुढे?"

"पुढे... काही नाही. पाणी पितो."

साडेचारला बत्तिसावं पान संपलं. बारकीने साठवलं. मास्तरने एक प्रत केली, मग आणखी एक. पावणेपाचला पानं छापून बाहेर पडायला लागली आणि पाचला बाई आल्या. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं बघितली, एका चुकीच्या वेलांटीवर बोट ठेवलं, आणि बाकी सुरेख झालंय म्हणाल्या.

त्या गेल्यावर मामा खुशीत येऊन बारकीच्या डोक्यावर टपली मारत म्हणाले, जिंकलीस. मग मास्तरकडे वळले. "तेवढं तुमचं मात्र राहिलं हो, मास्तर. पण आपलं बोलणंच तसं झालं होतं. पुस्तक झालं नाही तर खुर्ची तुमची, झालं तर हिची. वाईट वाटून घेऊ नका."

मास्तर म्हणाला की वाईट कसलं. त्याने बॅग उचलली, मावशींना नमस्कार केला आणि खाली निघाला.

बारकीने खुर्ची मागे सारली. मग ती धावत सुटली. जिन्याच्या मधल्या पायरीवर तिने त्याला गाठलं, आणि अंग चोरून त्याच्या पुढे जाऊन खालच्या पायरीवर वाट अडवली.

"शिकलेला माणूस म्हणजे तुम्ही होतात?"

तो थांबला. "हो."

"सकाळी नुसते गप्प बसला असतात तरी नोकरी तुमची होती. कायमची."

"हो."

"खिडकीशी उभे होतात तेव्हा हाच विचार करत होतात?"

"हाच," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. बॅग भरून भरून कंटाळलोय मी. एका गावात राहावं, भिंतीला एक खिळा ठोकावा आणि त्याला स्वतःचा सदरा अडकवावा, असं फार वाटतं."

"मग वाचून का दाखवलंत?"

मास्तरने बॅग या हातातून त्या हातात घेतली. "चारशे माणसं शिकवली मी. सगळे विचारतात, याचा मला उपयोग काय. बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही एकट्याच विचारलंत, अक्षरं येतात कुठून. मलासुद्धा कधीकाळी याचं नवल वाटायचं... विसरूनच गेलो होतो. तुमच्या शेजारी बसून ते सगळं पुन्हा बघितलं. आता रस्त्यात सिग्नल लागला तरी तुमचा चेहरा आठवतो." तो थांबला. मग एका दमात म्हणाला, "तुम्ही मला आवडता. फार आवडता. त्या खुर्चीत मी बसलो असतो आणि तुम्ही नसता, तर त्या खुर्चीचं मी काय केलं असतं?"

जिन्यावर खालून दाराचा उजेड येत होता.  बारकीला रडू येत होतं आणि हसूही.

"आणि मी त्या खुर्चीत एकटी बसून काय करू?" ती म्हणाली. "नवल काय एकट्याने बघायचं असतं? शेजारच्याला कोपर मारून दाखवावं लागतं."

मास्तरने बॅग पायरीवर ठेवली. 

"खुर्ची मी सोडणार नाही," बारकी म्हणाली. "कमावलीय मी ती. पण तुम्हीही मला आवडता, आणि तेही मी सोडणार नाही. पुढचं गाव किती लांब आहे?"

"बसने दोन तास. सोमवारपासून."

"रविवारी काय असतं तिथे?"

"रविवारी सुट्टी," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "पण रविवारी छापखानाही बंद असतो ना?"

"घर उघडं असतं. बाबा असतात. त्यांना हे सगळं समजावून सांगणारं कुणीतरी हवंय. मला एकटीला नाही जमत, मी मध्येच बघत बसते."

मास्तरच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. यंत्रातलं एवढं सगळं बघून झालं होतं, पण आपल्या एका वाक्याने कुणाचा चेहरा असा उजळू शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं. ती बघतच राहिली.

"म्हणजे या रविवारी?" त्याने विचारलं.

"या आणि पुढच्याही," ती म्हणाली, आणि त्याला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली. जिना पूर्ण मोकळा झाला, तरी तो जाईना.